अंबाडी गुडघ्याएवढी होण्याआधीच कळ्या धरते? खत घालण्याआधी पेरणीची तारीख आठवा

दसरा उलटला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. अंबाडी छान उगवली होती, तजेलदार होती, आणि गुडघ्याला लागते न लागते तोच कळ्या आल्या. वाढ थांबली, नवी पानं बोटाएवढी बारीक यायला लागली, घरच्या चार माणसांच्या भाजीपुरतीही निघाली नाहीत. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "खत कमी पडलं का हो?"

पुण्यात गच्चीवर माझ्याकडे हाच प्रकार ओळीने तीन वर्षं झाला. पहिल्या वर्षी शेणखत वाढवलं, दुसऱ्या वर्षी निंबोळी पेंड घातली, तिसऱ्या वर्षी वाफ्यातली माती काढून नवी भरली. काही फरक पडला नाही. तिन्ही वर्षांत एक गोष्ट सारखी होती आणि तिकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. बी टोकलं होतं गणपती झाल्यावर. शहरात अंबाडीची आठवण होते ती बहुतेक वेळा ऋषिपंचमीच्या भाजीच्या निमित्ताने. मंडईत जुडी दिसते, भाजीला तो आंबटपणा येतो आणि वाटतं, आपणही लावू या. पण तोवर भाद्रपद लागलेला असतो आणि अंबाडीच्या वाढीचे दिवस संपत आलेले असतात.

गावी, वाशीम जिल्ह्यात, आजीच्या शेतात ही तक्रार कधी कानावर आली नव्हती. तिथे ज्वारी-कपाशीच्या ओळींत आणि धुऱ्याच्या कडेने अंबाडी मृगातच पडायची. पोळ्यापर्यंत ती माणसाच्या डोक्यावर गेलेली असायची. आजीला कुणी कारण विचारलं असतं तर तिने "मृगाचं बी मृगातच" एवढंच सांगितलं असतं, आणि ते पुरेसंही होतं. आपल्यापैकी ज्यांचं नक्षत्रांचं बोट सुटलं आहे त्यांना मात्र कारण समजून घ्यावं लागतं.

कळीच आहे ना, ते आधी बघा

पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो त्या बेचक्यात बघा. नवी फांदी फुटत असेल तर तिथे दोन घडी घातलेली इवली पानं दिसतील, मऊ आणि हिरवीगार. कळी असेल तर आखूड देठावर ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी दिसते आणि तिच्या बुडाशी सात-आठ बारीक, सुईसारख्या हिरव्या पात्या बाहेर वळलेल्या असतात. नखाने गोळी फोडली तर आत पाकळ्यांची पिळलेली फिकट गुंडाळी सापडते. वरच्या तीन-चार बेचक्यांत ओळीने अशा गोळ्या असतील तर झाडाने फुलायचं ठरवलेलं आहे.

पानांचा आकार बदलला म्हणून घाबरू नका. अंबाडीची खालची पानं बदामी, अखंड असतात आणि वर जाताना तीच पाच-सहा बोटांची होतात. हा रोग नव्हे आणि बियांत भेसळही नव्हे. ही वरची बोटाळी पानं भांगेच्या पानांसारखी दिसतात. शास्त्रीय नावातलं 'कॅनाबिनस' हे विशेषण त्यावरूनच आलं. गच्चीवर येणाऱ्या पाहुण्यांनी शंका काढली तर एक पान तोडून चाखायला द्या, आंबट लागताच समाधान होईल.

कारण : रात्र मोठी झाली

अंबाडी ही लहान दिवसांची वनस्पती आहे. दिवस एका मर्यादेपेक्षा मोठा असेपर्यंत ती खोड आणि पानं वाढवत राहते. दिवस त्याहून लहान झाला, म्हणजे रात्र लांबली, की तिची पानं ते ओळखतात आणि शेंड्याला कळ्या करण्याचा निरोप देतात. अंबाडीच्या बहुतेक जातींत ही मर्यादा साधारण साडेबारा तासांच्या दिवसाजवळ आहे. त्या वेळी झाड फूटभर आहे की आठ फूट, याने फारसा फरक पडत नाही.

हा झाडांचा स्वभाव पहिल्यांदा नीट मांडला तो गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी, १९२० साली. त्यांच्यासमोर तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळ्यात शेतात नुसती उंच वाढायची आणि फुलायचीच नाही, पण हिवाळ्यात काचघरात लावली की फुलायची. खत, पाणी, उष्णता सगळं तपासून झाल्यावर शेवटी दिवसाची लांबी बदलून पाहिली तेव्हा कोडं सुटलं. त्यामुळे आपणही आधी खताकडे वळलो तर त्यात चूक वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता हे आपल्या पंचांगावर बसवून बघू. पुण्यात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. नागपूरकडे हा फरक आणखी थोडा जास्त. साडेबारा तासांची रेषा उतरताना लागते ती ऑगस्टच्या अगदी अखेरीस, म्हणजे मघा संपून पूर्वा लागते तेव्हा. चढताना ती लागते एप्रिलच्या मध्यावर, अश्विनी नक्षत्राच्या सुमारास. अश्विनी ते मघा हे अंबाडीचे वाढीचे दिवस. पूर्वेपासून पुढे रेवतीपर्यंत ती कधीही फुलायला तयार असते.

मृगात, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास पडलेल्या बियाला पूर्वेपर्यंत जवळजवळ बारा आठवडे मिळतात. तेवढ्यात ती पुरुषभर होते, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलली तरी तोवर पोटभर भाजी खाऊन झालेली असते. उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे टोकलेल्या बियाला मात्र एकही मोठा दिवस मिळत नाही. उगवल्यापासून दीड-दोन महिन्यांत ते कळ्या धरतं, आणि तेही वेळापत्रकाप्रमाणेच. खताचा हप्ता वाढवल्यावर कळ्या थोड्या जाड होतात, एवढंच.

बंगालात तागाच्या शेतकऱ्यांना हीच अडचण वर्षाच्या दुसऱ्या टोकाला येत असे. मार्चमध्ये लवकर पेरलेला ताग दिवस मोठा होण्याआधीच फुलून फांद्या फोडायचा आणि धागा आखूड पडायचा. बराकपूरच्या ताग संशोधन संस्थेने त्यावर लवकर पेरली तरी अवेळी न फुलणारी जात दिली, जेआरओ ५२४, तिलाच 'नवीन' म्हणतात. आपल्याकडे घरगुती अंबाडीचं बी मात्र बहुतेक गावरान असतं, तेव्हा तारीख पाळणं हाच उपाय हाती उरतो.

एक खूण माझ्या डोळ्यांसमोर घडली, ती सांगते. चौथ्या वर्षी गच्चीच्या कठड्यालगतच्या तीन कुंड्या रस्त्यावरच्या दिव्याच्या थेट उजेडात होत्या, बाकीच्या टाकीमागे अंधारात. बी एकच, माती एकच, टोकण एकाच दुपारची. दिवाळीच्या पणत्या लावताना बघितलं तर टाकीमागच्या झाडांना बोंडं धरली होती आणि दिव्याखालच्या तिन्हींच्या शेंड्यांना अजून कोवळी पालवी होती. दिव्यामुळे त्यांची रात्र पूर्ण होत नव्हती. तुमच्या बागेत काही झाडं फुलली आणि काही नाही असं कोडं असेल तर रात्री एकदा बाहेर जाऊन उजेड कुठे पडतो ते बघून या. मुद्दाम बल्ब लावून अंबाडी वाढवता येईल का, असंही मला विचारतात. येईल, पण दोन जुड्यांसाठी रोज रात्री दिवा जाळणं मला पटत नाही, आणि शेजारच्या शेवंतीने त्याच उजेडामुळे फुलायचं नाकारलं तर वेगळाच प्रश्न.

कळ्या आल्याच आहेत, आता काय

त्या झाडाला मागे वळवता येत नाही. कळ्या खुडल्या तर खालून फुटवे येतात, पण रात्र मोठीच असल्याने चार पानांनंतर त्यांनाही कळ्या लागतात. मी दोन आठवडे रोज खुडून पाहिलं, मिळाली ती एका वेळच्या आमटीपुरती पानं. त्यापेक्षा सगळी कोवळी पानं आणि शेंडे एकदम तोडा, भाजी करा आणि वाफा मोकळा करा. एक-दोन झाडं बियांना ठेवा.

भाजी करताना पानं आधी उकळत्या पाण्यात टाकून पिळून घ्या. या पानांत ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं, त्या पाण्याबरोबर आंबटपणा आणि आम्ल दोन्ही कमी होतात. मग तुरीची डाळ, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या आणि भिजवलेले शेंगदाणे घालून शिजवून घोटा, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची सढळ फोडणी. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत ही भाजी करू नका, आंबट पदार्थ त्या धातूला लागतो. उशिरा फुललेल्या झाडाची पानं जरा चिवट असतात, म्हणून देठ काढून फक्त पातं घ्या.

थंडीतही अंबाडी खायची असेल तर तिच्याकडून उंचीची अपेक्षा सोडा आणि तिला मेथीसारखी लावा. बी रात्रभर भिजवून वाफ्यात दाट पेरायचं, वीतभर झालं की चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुळासकट उपटायचं. कळी धरायच्या आत ती ताटात आलेली असते. दर पंधरा दिवसांनी एक ओळ टाकत गेलं की कोवळ्या पाल्याला खंड पडत नाही. कडाक्याच्या थंडीत उगवण रेंगाळते, तेव्हा पौषात मी पेरणी बंद ठेवते.

पाण्याची सोय असेल तर सगळ्यात चांगली वेळ मला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंतची वाटते. ऊन कडक असतं, रोज पाणी लागतं, पण पाऊस सुरू होईस्तोवर झाड कंबरेएवढं झालेलं असतं आणि पुढे पूर्ण पावसाळा हाताशी राहतो. फेब्रुवारी-मार्चची घाई करू नका, दिवस तेव्हाही लहानच असतो.

परदेशातल्या मंडळींची तक्रार जागेप्रमाणे उलटते. सिंगापूर विषुववृत्ताला लागून आहे, तिथे दिवस बारा तासांच्या आगेमागे बाराही महिने. तिथे गावरान अंबाडी केव्हाही लावा, ती लवकरच फुलणार. म्हणून कुंडीत मेथीसारखीच लावावी. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मे महिन्यात लावलेली अंबाडी पानांनी नुसती ओसंडते, पण दिवस साडेबारा तासांवर येईपर्यंत सप्टेंबर निम्मा होतो आणि बोंडं पिकायच्या आत थंडी झाडाला गाठते. बी धरत नाही, ही त्यांची अडचण. अमेरिकेत अंबाडीचं बी मुख्यतः टेक्सासच्या दक्षिण टोकाला घेतात, ते याच कारणाने. तेव्हा बी दर वर्षी इकडूनच मिळवावं लागेल, मात्र बी नेण्याचे त्या देशाचे नियम आधी बघून घ्या.

मृगात पेरूनही खुरटली असेल तर

मग तारखेचा दोष नाही. एक झाड बिनदिक्कत उपटा. मुळं धुऊन उजेडात धरा. निरोगी मुळं पांढुरकी, सरळ आणि सडसडीत असतात. मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी दिसल्या, आणि त्या नखाने खरवडून निघत नसल्या, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म जंत आहेत. अंबाडी यांना फार लवकर बळी पडते. वांगी, टोमॅटो, भेंडी ज्या वाफ्यात वर्षानुवर्षं घेतली तिथे हे हमखास होतं. गच्चीवर एकच माती फिरवून वापरणाऱ्यांकडे तर मी आधी तेच तपासायला सांगते. उन्हाळ्यात ती माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली पाच-सहा आठवडे तापवा, त्यानंतर एक हंगाम झेंडू घ्या. जागा बदलणं शक्य नसेल तर हिरव्या अंबाडीऐवजी लाल अंबाडी लावा.

या दोघींत पुष्कळ घोळ होतो म्हणून सांगते. लाल अंबाडी ही सख्खी बहीण, पण वेगळी वनस्पती. तिच्या फुलाखालचा भाग मांसल, लालभडक होतो आणि त्याची चटणी, सरबत, जेली करतात. हिरवीचं बोंड कोरडं, लवदार आणि टोचणारं असतं. आंध्र-तेलंगणातल्या गोंगुराच्या जुड्यांमध्ये दोघी सापडतात. सूत्रकृमींना लाल अंबाडी बरीच दाद देत नाही. मात्र पाणी साचलं की हिचं बूड काळं पडून सडतं, त्या बाबतीत ती जास्त नाजूक. दिवसाच्या लांबीचा नियम दोघींनाही लागू आहे.

बाकीच्या गोष्टी चटकन ओळखू येतात. शेंडा आखडून पानांचा गुच्छ झाला आणि आत पांढरी पिठी दिसली तर पिठ्या ढेकूण. तो शेंडा चार बोटं खालून कापून जाळून टाका, फवारणी नंतर. पानांच्या शिरा पिवळ्या धमक पडल्या तर भेंडीच्या हळद्यासारखाच विषाणूजन्य रोग, पांढरी माशी तो पसरवते, झाड उपटण्याला पर्याय नाही. पानांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील तर पिसू भुंगेरे, रोप हातभर झालं की त्याला त्यांचा फारसा त्रास होत नाही. आणि वीतभर व्यासाच्या कुंडीत चार रोपं दाटली असतील तर ती नुसती उपाशी आहेत.

वाखासाठी लावली असेल तर

पालेभाजीवाल्याचं नुकसान दोन जुड्यांचं, पण वाखाचं, म्हणजे सालीतल्या धाग्याचं पीक उशिरा पेरलं तर पुरं हातचं जातं, कारण वाखाची लांबी म्हणजेच खोडाची लांबी. ओल्या खोडाच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपासच कोरडा वाख निघतो. आखूड, फांद्या फुटलेल्या खोडातून तर तुटक चिंध्याच हाती येतात. अंबाडीच्या धाग्याला बाजारात 'बिमली ताग' असंही म्हणत, विशाखापट्टणमजवळच्या भीमुनिपट्टणम बंदरावरून. तिथून हा माल जहाजांनी बाहेर जायचा.

एकाच झाडाकडून भाजी आणि वाख दोन्ही मागू नका. शेंडा खुडला की झाड फांद्या करतं, आणि प्रत्येक फांदीच्या जागी धागा तुटतो. मी वाफ्याच्या कडेची ओळ दाट लावते, तिला हात लावत नाही. आतली झाडं विरळ लावते आणि त्यांचेच शेंडे खुडते. कडेची खोडं फुलं नुकती उमलायला लागली की बुडाशी कापायची. बोंडं भरेपर्यंत थांबलात तर धागा राठ होतो.

मोळ्या दोन दिवस उभ्या ठेवल्या की पानं सुकून गळतात. बुडाची साल जाड असते आणि उशिरा कुजते, म्हणून आधी दोन-तीन दिवस फक्त बुडं पाण्यात ठेवून मग मोळी आडवी बुडवायची, वर दगड ठेवायचा. पाणी कोमट असेल तर बारा दिवसांत, थंड असेल तर वीस दिवसांपर्यंत काम होतं. दहाव्या दिवसापासून रोज एक खोड काढून बघा. बुडाशी मोडून साल ओढली की ती पायमोजा उतरावा तशी शेंड्यापर्यंत सरसर आली पाहिजे आणि काडी आतून पांढरी, गुळगुळीत निघाली पाहिजे. साल अडखळली तर अजून दोन दिवस. धागा पिळल्यावर ओल्या कागदासारखा तुटला तर दिवस जास्त झाले, आणि त्यावर इलाज नाही. लवकर फुललेली बारीक खोडं जाड खोडांआधी कुजतात, त्यांची मोळी वेगळी बांधा. हे सगळं पिण्याच्या किंवा मासे असलेल्या पाण्यात करू नका, कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपतो. मी प्लास्टिकचं पिंप वापरते आणि ते पाणी नंतर खताच्या खड्ड्यात ओतते. वास मात्र येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

बी कुठल्या झाडाचं धरायचं

लवकर फुलण्याची खोड काही प्रमाणात आपण स्वतःच वाढवतो. सगळ्यात आधी जी बोंडं वाळतात तीच आपण हौसेने काढून ठेवतो, म्हणजे दर वर्षी सर्वांत घाईच्या झाडाचं बी पुढे जातं. हे आठ-दहा वर्षं चाललं की मृगात पेरलेली अंबाडीसुद्धा नेहमीपेक्षा आधी कळ्या दाखवू लागते. म्हणून सप्टेंबरात झाडं बघत राहा. बाकीची फुलली तरी जी अजून पानांवरच आहेत, खोड सरळ आणि निरोगी आहे, त्यांना लाल दोरा बांधून ठेवा आणि त्यांची पानंही फार तोडू नका. विकतचं बी घेताना ते याच वर्षीचं आहे का ते विचारा. अंबाडीचं बी तेलाचं, जुनं झालं की उगवण पटकन घटते. आमच्याकडे मागच्या हंगामातलं उरलेलं बी मी वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून तपासते, चौदा-पंधरा फुटले तरच पेरते.

दोरा बांधलेली झाडं डिसेंबरात वाळून खडखडायला लागतात. बोंडावरची लव बोटांत रुतते आणि दिवसभर खाजत राहते, तेव्हा हाताने सोलत बसू नका. बोंडं गोणपाटात भरून तोंड बांधा, काठीने झोडपा आणि मग सुपात पाखडून घ्या.